कोन, शंकू आणि वादळाचा नकाशा: लेकीला नक्की काय सांगू?

सईची आई:
लेक दहावीत आहे, महत्त्वमापन (आकारांचं क्षेत्रफळ-घनफळ काढायचा धडा) चालू आहे. शाळेत कोन म्हणजे अँगल, आणि घरी आइस्क्रीमचा कोन, मेंदीचा कोन, आजोबांच्या लूमवर सुताचा कोन, हे सगळे शंकू, इथवर ठीक. पण चक्रीवादळाच्या नकाशावरच्या त्या पसरत जाणाऱ्या पट्ट्यालाही कोन म्हणतात, आणि माझ्या ऑफिसात प्रोजेक्टच्या अंदाजालाही 'कोन ऑफ अनसर्टन्टी' म्हणतात. ती म्हणाली आई, ह्यात गोल तळ कुठेय? मला सांगता नाही आलं.

गणितप्रेमी:
ताई, तळ सोडा, टोक धरा. पुढच्या गणितात शंकू म्हणजे एका टोकातून निघणारे किरण, बस. आतला कुठलाही बिंदू घ्या, त्याच रेषेत टोकापासूनचं अंतर दुप्पट करा, दहापट करा, तो शंकूतच राहतो. तळ गोल असला तर तो शाळेतला शंकू, नसला तरी शंकूच.
आणि हे सईला नक्की सांगा. भास्कराचार्यांच्या वेळी शंकू म्हणजे सावली मोजायची बारा अंगुळांची खुंटी, आणि ह्या आकाराला ते सूची म्हणायचे. त्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात (1150) धान्याच्या राशीचं गणित आहे. जाड धान्य असेल तर राशीची उंची घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. मग घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, झालं घनफळ. पाय (π) 3 धरला तर आपलं शाळेतलं सूत्र, एक तृतीयांश पाय आर वर्ग एच, अगदी हेच येतं. आणि उंची घेराचा दहावा भाग म्हणजे उतार साधारण 32 अंशांचा, म्हणजे शंकूत तिचा शाळेतला कोनही सापडला!

अलिबागचा:
वादळाच्या कोनाबद्दल कळकळीने सांगतो कारण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच बाजूला किनाऱ्यावर आलं. लोकांना वाटतं कोन रुंद होतो म्हणजे वादळ मोठं होतंय आणि कोनाबाहेर आपण सेफ. दोन्ही चूक. तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल ते दाखवतो, पुढचा दिवस जितका लांब तितकी अंदाजातली चूक जास्त म्हणून पट्टा पसरतो. अमेरिकेच्या हरिकेन सेंटरचा कोन मागच्या 5 वर्षांच्या चुकांवरून आखतात, आणि केंद्र त्यात तीनातल्या दोन वेळाच राहतं. वारा-पाऊस तर त्याच्या कितीतरी बाहेर जातो. नकाशा बघून खिडक्या उघड्या ठेवू नका कृपया.

आयटीतली मीरा:
प्रोजेक्टचा कोन उलटा असतो, तोंड सुरुवातीला आणि टोक शेवटी. सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोहम यांनी 1981 मध्ये मांडलं की अगदी सुरुवातीला केलेल्या अंदाजाच्या चौपट किंवा पाव इतकंही काम निघू शकतं. माझा अनुभव, नुसते महिने गेले म्हणून तो निमुळता होत नाही, काय करायचं आणि काय नाही हे ठरवलं तरच होतो. आमच्याकडे एकदा सहा महिने काहीच ठरलं नव्हतं आणि अंदाज पहिल्या दिवशी होता तितकाच ढिसाळ.

किनाराप्रेमी:
निसर्गात मात्र नाव नुसत्या आकारावरून पडलंय, डोळ्यातल्या शंकू पेशी, पाइनची फळं. पाइनचा कोन कोरड्या हवेत उघडतो, ओल्यात मिटतो, झाडावरून पडल्यावरही, त्यामुळे घरी पाण्यात टाकून बघता येतं. आणि समुद्रावर जिवंत शंकूच्या आकाराची गोगलगाय दिसली तर सईला हात लावू देऊ नका, तिचा दंश विषारी असतो, काही जाती तर माणसाचा जीव घेतात.

सईची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ज्वारी परातीत ओतून घेर मोजला, 60 सेमी, उंची बरोबर 6! लीलावतीने 600 घन सेमी आलं, पाय 3.14 धरून 573, आणि मापाच्या भांड्यात भरलं ते 570 च्या जवळ. सई म्हणते आता तांदळाची रास करू, बारीक धान्य, अकरावा भाग येतो का बघू.