बॅटरी ३५ टक्के दाखवते आणि लॅपटॉप धाडकन बंद होतो: मीटर चुकतोय की सेल गेलेत?

खटका:
१५ इंची लॅपटॉप, आतली तीन सेलची बॅटरी, ११.४ व्होल्ट. रोज आठ-दहा तास चार्जर लावलेलाच असतो. नुसतं टायपिंग केलं तर दीड तास मिळतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की ३०-३५ टक्क्यांवर स्क्रीन काळी, काही सूचना नाही. पुन्हा चालू करायला चार्जर लावावाच लागतो.

विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला: डिझाइन कपॅसिटी ४१,०४० मिलीवॅट-तास, फुल चार्ज कपॅसिटी २६,३००, सायकल (पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) ४१२. वेगळा चार्जर लावून पाहिला, फरक नाही. कॅलिब्रेशनने (टक्के दाखवणारा मीटर पुन्हा जुळवून) भागेल की बॅटरी बदलावी?

तांब्याची_तार:
२६,३०० भागिले ४१,०४० म्हणजे ६४ टक्के. ४१२ सायकल आणि सतत पूर्ण चार्जवर ठेवणं, या दोन्हींनंतर एवढी झीज अपेक्षितच आहे. पण तुमचं खरं दुखणं ते नाही. क्षमता कमी झाली तर वेळ कमी मिळतो, मशीन मध्येच बंद पडत नाही. ३५ टक्क्यांवर बंद पडतंय म्हणजे सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतच होणारा अडथळा, वाढलाय.

प्रोसेसर टर्बोमध्ये (थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वेगात) गेला की काही सेकंद ३०-४० वॅट ओढतो. रोध जास्त असेल तर तेवढ्यात व्होल्टेज खाली बसतं. तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यातला सगळ्यात कमजोर सेल किमान मर्यादेला पोचला की बॅटरीतलं संरक्षण सर्किट सगळाच पुरवठा तोडतं. विंडोजला हायबरनेट करायलाही (चालू काम जतन करून बंद व्हायलाही) वेळ मिळत नाही, म्हणून सूचना येत नाही.

हे मोजता येतं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, सेन्सरच्या यादीत बॅटरी व्होल्टेज आणि डिस्चार्जचे वॅट बघा. चार्जर काढून साधारण ५० टक्क्यांवर एकदा शांत असताना आणि लगेच एक्स्पोर्ट सुरू करून, असे दोन आकडे घ्या (उघड्या फायली आधी सेव्ह करा). वॅटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो. व्होल्टेजमधला फरक भागिले करंटमधला फरक, हा पॅकचा, म्हणजे अख्ख्या बॅटरीचा रोध. तीन सेलचा धड पॅक पाव ओहमच्या आत असतो.

रिपोर्टमध्ये खाली 'बॅटरी कपॅसिटी हिस्टरी' आहे, तीही बघा. आकडा महिनोन्महिने हळूहळू उतरला असेल तर झीज. एका आठवड्यात अचानक कोसळला असेल तर मीटरवर संशय घ्यायला जागा आहे.

खटका:
शांत असताना ८ वॅट, ११.३ व्होल्ट. एक्स्पोर्टला ३० वॅट, १०.० व्होल्ट. हिस्टरीत उतार संथच आहे.

तांब्याची_तार:
०.७ अँपिअरवरून ३.० अँपिअर. १.३ भागिले २.३, म्हणजे ०.५७ ओहम. सेल गेले. कॅलिब्रेशनने हा आकडा खाली येणार नाही.

मीटरवाचक:
निदान पटलं. तरी कॅलिब्रेशनबद्दल लिहितो, कारण ते बहुतेक जण अर्धवट करतात. चार्ज मर्यादा (१०० टक्क्यांआधीच चार्जिंग थांबवणारी सेटिंग) लावली असेल तर आधी काढा. १०० टक्के करून चार्जरवरच दोन तास राहू द्या. मग हलक्या, एकसारख्या कामावर बंद पडेपर्यंत उतरवा आणि पाच तास बंदच ठेवा. मग न थांबता १०० टक्के. मधली विश्रांती महत्त्वाची: सेल स्थिरावल्यावरच्या व्होल्टेजवरून आतली चिप खरी क्षमता शिकते. याने टक्केवारी खरी होते, गेलेली क्षमता परत येत नाही. दर महिन्याला करायची ही गोष्ट नव्हे, प्रत्येक खोल डिस्चार्ज सेल झिजवतो.

नवी बॅटरी येईपर्यंत पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' बॅटरीवर ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो, झटके कमी होतात.

पेचकस:
बदलताना लॅपटॉपच्या मॉडेलवरून बॅटरी मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे पॅक येतात. मागचं झाकण उघडून लेबलवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि वॅट-तास टिपून घ्या. लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा बॅटरीच्या सुरक्षेचा मानक क्रमांक आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. उत्पादनाची तारीखही बघा, गोदामात पडून असलेला पॅकही म्हातारा होतो. स्वस्त पॅक जुन्यापेक्षा हाताला स्पष्ट हलका लागला तर परत करा, आत कमी क्षमतेचे सेल असतात.

उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांखाली आणा, पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा. काही स्क्रू रबरी पट्ट्यांखाली असतात आणि लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरचं कव्हर फुटतं, म्हणून कागदावर जागा काढून त्यावरच ठेवा. झाकण प्लास्टिकच्या पातीने सोडवा, धातूने नाही. कनेक्टर कडेने धरून काढा, वायरी ओढू नका. मग पॉवर बटण २० सेकंद दाबून धरा आणि त्यानंतरच पॅक उचला.

टचपॅड कडक झाला असेल, टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल तर पॅक फुगलाय. तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू तर अजिबात नका. बऱ्याच दुकानांत "सेल बदलून देतो" म्हणतात, तेही टाळा. जुनं संरक्षण सर्किट नव्या सेलना जुनीच क्षमता लावतं किंवा कायमचं लॉक होतं.

नवा पॅक चार्जर जोडल्याशिवाय जागा होत नाही असं बरेचदा होतं, घाबरू नका. पहिल्या दिवशीच रिपोर्ट काढा: सायकल शून्याच्या आसपास आणि फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनजवळ नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत कळवा.

जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली की पेट घेते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती वेगळी द्यायची असते. टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रात किंवा बॅटरी घेतली त्या दुकानात द्या.

मीटरवाचक:
एक राहिलं. चार्जर कायम लावूनच ठेवणार असाल तर नव्या बॅटरीला पहिल्या दिवसापासून ८० टक्क्यांची मर्यादा लावा. डेलमध्ये बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये), लेनोव्होत व्हँटेज अ‍ॅपमध्ये, आसुसमध्ये मायआसुस अ‍ॅपमध्ये ती मिळते. भरलेला सेल आणि उष्णता ही जोडी सगळ्यात वाईट. विदर्भातल्या मे महिन्यात तर लॅपटॉप गादीवर ठेवून एक्स्पोर्ट लावू नका, खालून हवा मिळू द्या.

खटका:
पार्ट नंबर टिपला. फुगवटा नाही. टर्बो बंद केल्यावर तोच एक्स्पोर्ट १४ टक्क्यांपर्यंत चालला. नव्या पॅकचा रोध याच पद्धतीने मोजून इथे टाकतो.