इंजिन ओळखा : आजचा फोटो

अप्पा: फोटो टाकलाय. मुद्दाम कातरलाय. नाक नाही, नंबर नाही, नावाची पाटी नाही. चाकं, दांडे, वरचा थोडा पत्रा आणि शेजारी उभा एक माणूस, एवढंच. नेटवर शोधायचं नाही, डोळ्यांनी ओळखायचं.

बाळू: आपल्या रेल्वेचं डब्ल्यूपी! नक्की.

अप्पा: कशावरून?

बाळू: वाफेचं आहे, मोठं आहे, एक्सप्रेस ओढणारं दिसतंय.

अप्पा: अरे, हा अंदाज झाला. आधी चाकं मोज.

चिनू: मी मोजली आजोबा! २-३-१. पुढे दोन छोटी, मग तीन मोठी, मागे एक.

आत्या: चिनू, पलीकडच्या बाजूचीही धर गं. ४-६-२ होतात.

अप्पा: दोघींचंही बरोबर. इंग्लंड-अमेरिकेत दोन्ही बाजूंची सगळी चाकं मोजतात, म्हणून ४-६-२. या मांडणीला 'पॅसिफिक' म्हणतात. फ्रान्समध्ये चाकांच्या जोड्या मोजतात, तिथे हेच इंजिन २३१. चिनू, तू कुणी न सांगता फ्रेंच पद्धतीनं मोजलंस, फार आवडलं मला. फक्त टेंडरची, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याची, चाकं यात कधी धरायची नाहीत.

बाळू: मग डब्ल्यूपीसुद्धा ४-६-२च की!

अप्पा: आहेच. म्हणून तर तो माणूस फोटोत ठेवलाय.

ताई: थांबा, पट्टी लावते स्क्रीनला. माणूस टोपीसकट १७ मिलिमीटर, मधलं मोठं चाक २० मिलिमीटर!

अप्पा: शाब्बास! आणि तो इंजिनाच्या अलीकडे उभा आहे, म्हणजे आहे त्यापेक्षा जरा मोठाच दिसतोय. चाक खरं तर आणखी मोठं असणार. डब्ल्यूपीचं मोठं चाक साधारण १.७० मीटरचं. हे दोन मीटरच्या खाली नाही.

बाळू: बरं, डब्ल्यूपी बाद. इंग्लंडचं फ्लाइंग स्कॉट्समन? त्याची चाकं २.०३ मीटरची आहेत, हे मला पाठ आहे.

अप्पा: चांगला विचार. आता चाकांच्या वर बघ.

आत्या: बॉयलरची गोलाई दिसतच नाही. वरून सलग पत्रा खाली आलाय आणि त्याची कड चाकांवरून लांब कमानीसारखी वळलीय. केवढी देखणी रेघ आहे ती!

अप्पा: तीच खूण. फ्लाइंग स्कॉट्समनचा बॉयलर उघडा असतो. हवा कापायला असं आवरण घातलेली, एवढ्या मोठ्या चाकांची आणि अशा कमानीची पॅसिफिक म्हणजे इंग्लंडच्या नायजेल ग्रेस्लीनं आखलेली ए-४.

बाळू: म्हणजे मॅलर्ड! १९३८, ताशी २०३ किलोमीटर, वाफेच्या इंजिनाचा विक्रम!

अप्पा: इथे थांब. मॅलर्ड धरून ए-४ एकूण ३५ बनल्या, १९३५ ते १९३८ मध्ये. पाटी दिसत नाही, तेव्हा 'ए-४' म्हटलं की पूर्ण गुण. 'मॅलर्ड' म्हणालास तर फोटोत नाही ते सांगितलंस, त्याचा अर्धा गुण कापणार. या खेळात माझा आग्रह असेल तर एवढाच.

बाळू: पटलं, काका.

ताई: मग साल तरी कळेल का?

अप्पा: साल नाही, काळ कळेल. या इंजिनांच्या चाकांवर आधी पत्र्याची झालर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देखभाल सोपी व्हावी म्हणून ती काढली. इथे चाकं पूर्ण उघडी आहेत, तेव्हा फोटो त्यानंतरचा.

आत्या: चाकं दिसली म्हणून काळ कळला! अप्पा, पुढचा टाका.

अप्पा: टाकलाय बघा.

चिनू: याला बॉयलर मध्ये आहे आणि चाकांचे दोन संच दोन टोकांना! एका बाजूनं २-४-० आणि मग ०-४-२. दुप्पट केलं तर ४-८-० अधिक ०-८-४.

आत्या: गॅरट! बॉयलर एक, खाली इंजिनं दोन. वळणावर दोन्ही टोकं आपापली वळतात.

अप्पा: बरोबर. आता कुठल्या रेल्वेचं ते सांगा. टेंडर शोधू नका, त्याला ते नसतंच. पाण्याच्या टाकीवर अक्षरं आहेत, फोटो मोठा करून बघा.