कादंबरी वाचून महाभारत ‘कळलं’ म्हणणाऱ्यांनो, पर्व-अध्याय सांगा

औंधकर मास्तर:
काल ‘पौराणिक कादंबऱ्यांपासून वाचन सुरू करावं का’ या प्रश्नाखाली एकाने ठोकून दिलं : ‘मूळ वाचायला वेळ कुणाला आहे? चार जाड कादंबऱ्या वाचल्या की अख्खं महाभारत कळतं. द्रौपदीनं भर मंडपात कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारलं, हे आता काय कुणी खोटं म्हणणार आहे?’

मी म्हणतो. ‘नाहं वरयामि सूतम्’ (मी सूताला वरणार नाही) ही ओळ भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत, म्हणजे ग्राह्य धरलेल्या मूळ मजकुरात, नाही. १२५९ हस्तलिखितं जमवून, १९१९ ते १९६६ खपून केलेली आवृत्ती आहे ती. ही ओळ सापडते पानाच्या तळाशी, टिपांत. संहितेत तर वेगळीच गंमत आहे. ब्राह्मणवेशातला अर्जुन उठतो तेव्हा बाकीचे ब्राह्मण कुजबुजतात, की कर्ण-शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकलं नाही ते हा काय वाकवणार (आदिपर्व, अध्याय १७९). म्हणजे कर्णाला कुणी नाकारलं नाही, त्याला धनुष्य पेललं नाही.

खात्री करायला पंडित व्हावं लागत नाही. प्रसंग कुठल्या पर्वातला ते ठरवा. भांडारकरचा त्या पर्वाचा खंड काढा. पानाच्या वरच्या भागात संहिता असते, आडव्या रेषेखाली पाठभेद. खाली आकड्याला तारा लावलेली ओळ दिसली की समजायचं, ती काही हस्तलिखितांतच आहे. शेजारची अक्षरं लिपी सांगतात : टी तेलुगू, जी ग्रंथ, एम मल्याळम, डी देवनागरी. मोठे उतारे मागे परिशिष्टात टाकलेले असतात. मग चित्रशाळेने छापलेली नीळकंठी प्रत, म्हणजे नीळकंठांच्या टीकेसह असलेलं महाभारत, शेजारी ठेवा. तिथे अध्यायाचे आकडे पुढे-मागे होतात, म्हणून आकड्यावर जाऊ नका, श्लोकाची सुरुवात जुळवा. निम्मे लोक इथेच चुकतात आणि ‘श्लोकच नाही’ म्हणून ओरडतात.

कादंबरी वाचा, दहा वाचा. फक्त ती पुरावा म्हणून पुढे करू नका.

विश्रामबाग:
मास्तर, नीळकंठी प्रत शेजारी ठेवा म्हणालात आणि ती काय म्हणते ते सांगायचं सोयीस्कर विसरलात! ‘नाहं वरयामि सूतम्’ त्या प्रतीत आहे. नीळकंठ चतुर्धर सतराव्या शतकातले, मूळचे कोपरगावचे, काशीत बसून टीका लिहिणारे. म्हणजे द्रौपदीचा नकार कुण्या कादंबरीकाराने रात्री जागून रचलेला नाही. भांडारकरचा शेवटचा खंड निघायच्या आधी तीनशे वर्षं आपल्याकडचे शास्त्री-पुराणिक हीच ओळ वाचत होते. मग ‘मूळ’ कुठलं? समितीने ठरवलेलं, की लोकांनी वाचलेलं?

आणि सांगलीत राहून कुणी ‘पुराणाला हात लावू नका’ म्हणू नये. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथे काय केलं? सीतास्वयंवरच. राक्षस ‘अलल डुर्र’ करत रंगमंचावर यायचे. वाल्मीकींत आहे का अलल डुर्र? दाखवा पर्व-अध्याय. सॉरी, कांड-सर्ग.

पुढे खाडिलकर, तेही सांगलीचेच. ‘कीचकवध’ १९०७ चं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं आणि सरकारलाही कळलं, म्हणून १९१० ला बंदी आली. विराटपर्वाशी तंतोतंत राहिले असते तर सरकारने ढुंकून पाहिलं नसतं.

मिरजमावशी:
दोघेही वेगळ्याच गोष्टीवर भांडताय. खरा रोग भाषेचा आहे. हल्लीच्या निम्म्याअधिक पौराणिक फँटस्या इंग्रजीतून मराठीत येतात आणि अनुवादक वाक्य उलटं करायचे कष्टही घेत नाहीत. पान उघडा : ‘त्याने एक दीर्घ श्वास आत घेतला’, ‘तिच्या ओठांच्या कोपऱ्यावर स्मित खेळून गेलं’, ‘तो आपल्या टाचांवर वळला’. महादेव टाचांवर वळतात! आपल्याकडे माणूस गर्रकन वळतो नाहीतर पाठ फिरवतो. सेनापती ‘होय, माझ्या स्वामी’ म्हणतो. ‘महाराज’ हा शब्द कुठे गेला?

ओळखायची सोपी खूण सांगते. संवादाचं एक पान मोठ्याने वाचा. पाच वाक्यांत दोनदा ‘आणि मग’ आणि तीनदा ‘त्याने त्याच्या’ आलं की पुस्तक खाली ठेवा. ‘त्याने त्याच्या हाताने त्याची तलवार’. अहो, दुसऱ्या कुणाच्या हाताने उपसणार?

कंदी_पेढा:
विषय भरकटवू नका मावशी. मास्तर, तुमचं सगळं पांडित्य कर्णालाच का आडवं येतं? धनुष्य पेललं नाही म्हणे! आयुष्यभर ज्याला जातीवरून हिणवलं, द्रोणाचार्यांनी ज्याला विद्या नाकारली, त्याला आता तळटिपेवरून हिणवा. ‘मृत्युंजय’ १९६७ पासून लोकांच्या घरात आहे ते उगाच नाही. लोकांना खरं काय ते कळतं.

औंधकर मास्तर:
झालं. कर्ण आला, धागा गेला.

द्रोणांनी विद्या नाकारली हे कुठे वाचलंत? आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं, म्हणजे कर्णाचंच, नाव आहे. नाकारलं ते ब्रह्मास्त्र. शांतिपर्वाच्या सुरुवातीला नारद सांगतात : कर्णाने ते अर्जुनाशी बरोबरी करायला मागितलं, द्रोणांनी टाळलं, तेव्हा तो परशुरामाकडे गेला. शाळेतून काढणं वेगळं आणि शेवटच्या वर्षाचा एक विषय न देणं वेगळं.

द्यूतसभेत द्रौपदीला ‘बंधकी’, म्हणजे वेश्या, कोण म्हणालं? वस्त्रं काढा असं दुःशासनाला कोण म्हणालं? घोषयात्रेत गंधर्वांनी रथ मोडल्यावर विकर्णाच्या रथावर उडी मारून कोण पळालं? हे तळटिपेतलं नाही, संहितेतलं आहे.

कंदी_पेढा:
आणि उद्योगपर्व? ते वाचताना चष्मा विसरला होता का? कृष्ण राज्य देऊ करतो, हा नाही म्हणतो. वर सांगतो, मी कोण ते युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, तो राज्य सोडून मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कुंतीला शब्द दिला आणि पाळला. भीम, नकुल, सहदेव, युधिष्ठिर, चौघेही तावडीत सापडले आणि चौघांनाही जिवंत सोडलं. तेही संहितेतच आहे ना? की तिथे तारा लावलाय?

औंधकर मास्तर:
नाही लावलेला. हे बरोबर आहे. आणि तुम्ही पर्वाचं नाव घेऊन बोललात याची नोंद घेतली आहे.

विश्रामबाग:
मास्तरांनी ‘बरोबर आहे’ म्हटलं! कृष्णामाई उलटी वाहायला लागली काय?

गंमत बघा पेढेसाहेब, तुमची सगळ्यात भक्कम बाजू मूळ ग्रंथातच निघाली. त्याच अध्यायात (१३९) कर्ण म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना लागट बोललो, त्याचा आज पस्तावा होतो. याहून मोठं कुठला कादंबरीकार लिहिणार? ‘मृत्युंजय’ने काय केलं ते नीट बघा. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांना आळीपाळीने बोलायला लावलं. म्हणजे व्यासांचा जो एक वरून बघणारा आवाज, तो काढून टाकला. वृषाली हे नाव महाभारतात शोधून सापडत नाही. तिथे कर्ण फक्त सांगतो, की अधिरथाने माझी सूतकुळांत लग्नं लावली, मुलं-नातवंडं झाली. लग्नं, अनेकवचन. कादंबरीला एक बायको लागते, कारण सहा बायकांसमोर माणसाला मन मोकळं करता येत नाही. ही कारागिरी आहे. तिला खोटेपणा म्हणू नका.

मिरजमावशी:
सहा कुठून आणल्या? तुम्हीही कादंबरी लिहायला घेतली का?

विश्रामबाग:
मावशी, अनेकवचनाचा हिशोब दोनापासून सुरू होतो. सहा मागे घेतल्या.

भडंग_एक्स्ट्रा_तिखट:
लोकहो, मी फँटसी वाचतो म्हणून जरा वेगळं. कर्ण चांगला की वाईट यात मला रस नाही. मला त्याच्या शक्तीचे नियम आवडतात. परदेशी फँटसीवाले ज्याला जादूची यंत्रणा म्हणून मिरवतात ती इथे तयार पडलीये, आणि आपले लेखक ती वापरतच नाहीत.

बघा ना. कवचकुंडलं देऊन इंद्राची शक्ती मिळाली. अटी : एकदाच, एकावरच, आणि जीव धोक्यात असतानाच. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. चौदाव्या दिवशीच्या रात्री घटोत्कच सैन्य चिरडायला लागतो, ती त्याच्यावर खर्च होते, आणि कृष्ण आनंदाने नाचतो. कथेचा काटा तिथे फिरतो. पुढे ब्रह्मशिर अस्त्र : अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनाही सोडता येतं, पण परत घेता येतं ते फक्त अर्जुनाला, कारण परत घ्यायला व्रतस्थ लागतो. अश्वत्थाम्याचं अस्त्र मागे वळत नाही, म्हणून ते उत्तरेच्या गर्भावर जातं. प्रत्येक शक्तीला किंमत, अट आणि उलटायची वेळ.

आणि नव्या कादंबऱ्यांत काय? ‘त्याच्या हातातून निळा प्रकाश निघाला.’ किती वेळा निघतो? संपतो का? काही पत्ता नाही. मग शेवटच्या लढाईत कुणाला भीती वाटणार? शाप-वरांचा हिशोब पक्का ठेवला तर मूळ ग्रंथ कसाही वाकवा, चालतं. हिशोब सोडला की पुस्तक बसलंच.

औंधकर मास्तर:
हा मुद्दा मला सुचला नव्हता. भडंग खाऊन लिहिलंय, तरी लिहिलंय नीट.

पुठ्ठा_आणि_खळ:
वाद चालू द्या. पण या सातशे-आठशे पानी कादंबऱ्यांबद्दल कुणी बोलतच नाही. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या असतात. पाठीवर गरम गोंदाचा थर, शिलाई नाही. बरोबर मधोमध उघडली की थर तडकतो, कुरुक्षेत्राच्या ऐन भरात सोळा-वीस पानं हातात येतात. मग गल्लीतला बाइंडर काय करतो? कडेने तीन भोकं पाडून दोरा ओवतो. पुस्तक पुन्हा फुटत नाही हे खरं, पण आतला समास अर्धा इंच खातो, आणि ओळीचं शेवटचं अक्षर शिलाईत जातं. जुन्या प्रती जुजबंदीच्या, सोळा पानी फर्मे घडीतून शिवलेले, म्हणून टेबलावर सपाट उघडतात.

आपल्याकडे त्यात पुराची भर. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, इशारा ४० चा, धोका ४५ चा. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो आणि पानं लाटेसारखी होतात. पंख्याखाली उभं करा, दर दहा-पंधरा पानांत कोरा न्यूजप्रिंट घाला, चिंब झाला की बदला. दोन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी धरते. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, नंतर एकेक काढा. चित्रांची गुळगुळीत पानं आधी सुटी करा. ती एकदा एकमेकांना चिकटली की ब्रह्मास्त्रानेही सुटत नाहीत.

कंदी_पेढा:
काका, इथे कर्णाचा रथ रुतलाय आणि तुम्ही खळ शिजवताय.

पुठ्ठा_आणि_खळ:
शिजवणारच. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या. मंद आचेवर अर्धपारदर्शक होईस्तोवर ढवळत राहायचं. मोरचूद घालणारे घालतात, किडीला चांगलं, पण विषारी असतं. पोराबाळांच्या पुस्तकाला नको.

विश्रामबाग:
मास्तर, मूळ प्रश्नावर येतो. नव्या वाचकाने कादंबरीपासून सुरुवात केली तर बिघडलं काय? ‘ययाति’ घ्या, १९५९ ची, लेखक सांगलीत जन्मलेले. आदिपर्वातलं एक उपाख्यान घेऊन माणसाच्या हव्यासावर अख्खी कादंबरी उभी केली. ती वाचून कुणी आदिपर्व उघडलं तर तुमचंच काम झालं.

औंधकर मास्तर:
उघडलं तर. तो ‘तर’ फार मोठा आहे. कादंबरी वाचून उघडणारा शंभरात एक, बाकीचे इथे येऊन सांगतात की द्रौपदी दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, जुळे आणि चाकर. द्रौपदी हसल्याचं दुर्योधन नंतर घरी जाऊन बापाला सांगतो. म्हणजे ती तक्रार आहे, घटना नाही. एवढा बारकावा ज्या ग्रंथात आहे तो सोडून लोक मालिकेतला संवाद पाठ करतात, याचा राग येतो.

पण मान्य करतो, कालच्या त्या माणसाने नकाराची ओळ मनाची रचली नव्हती. प्रत चुकली होती, एवढंच. आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लाख रुपये देऊ केले म्हणून भांडारकरचं काम उभं राहिलं, तेव्हा निदान सातारकरांनी तरी आपल्याच पैशाची प्रत वापरावी.

कंदी_पेढा:
वापरली. वाचनालयातून उद्योगपर्व काढलं, १९४० चा खंड. तुमचे १३८ ते १४४ अध्याय, कृष्ण-कर्ण आणि कुंती-कर्ण. वाचू कसं सांगा. पानं कडेने जोडलेलीच आहेत, फर्मा कुणी कापलेलाच नाही! ऐंशी वर्षांत या तालुक्यात मूळ वाचणारे किती झाले, ते कळलं मास्तर.

औंधकर मास्तर:
…

पुठ्ठा_आणि_खळ:
ब्लेड लावू नका, हात सरकला तर थेट अक्षरात जातं. बोटाने फाडलं तर कडा चावल्यासारखी दिसते. जाडसर पोस्टकार्ड किंवा बोथट लाकडी पट्टी घ्या, घडीत आडवी घाला, आणि छोटे छोटे हात मारत बाहेरच्या बाजूला ओढा. वरची घडी आधी, कडेची नंतर. कागद जुना आहे, करकरला तर थांबा. आणि ग्रंथपालांना विचारल्याशिवाय एकही पान कापू नका.