आईला जेन ऑस्टिनच्या गावी न्यायचे आहे: बाथ की चॉटन? (सल्ला हवा)

शब्दवेडी_रेडिंग
नमस्कार मंडळी. माझी आई साताऱ्याच्या एका महाविद्यालयातून इंग्रजीची प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाली असून मे महिन्यात ती आमच्याकडे रेडिंगला येत आहे. तिने वर्षानुवर्षे बी. ए.च्या वर्गाला इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन शिकवली, पण हॅम्पशायर पाहिले ते केवळ नकाशात. १६ डिसेंबर २०२५ रोजी जेनच्या जन्माला २५० वर्षे झाली, तेव्हाच तिला आणायचे होते. व्हिसाने घोळ घातला. आता दोन दिवस, एक मुक्काम आणि दोघींचा प्रवास, तिकिटे, राहणे, जेवण असे सगळे धरून १८० पौंड, एवढीच माझी ऐपत आहे. मोटार नाही. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि जिने बेतानेच. बाथ करावे, की चॉटन आणि विंचेस्टर? कृपया सगळेच सुचवू नका. ते बसत नाही, हे मी मांडून पाहिले आहे.

बाथप्रेमी
यात विचारण्यासारखे काय आहे? बाथ! आम्ही उभयता मागच्या सप्टेंबरात तिथल्या जेन ऑस्टिन महोत्सवाला गेलो होतो. शेकडो स्त्रीपुरुष रीजन्सी काळाचे, म्हणजे जेनच्या वेळचे, पोशाख घालून भर रस्त्यातून मिरवत जातात. आमच्या सौभाग्यवतींनीही त्यासाठी बॉनेट आणि उंच कमरेचा झगा पुण्याहून शिवून आणला होता, आणि तीन अनोळखी इंग्रज बायकांनी शिंप्याचा पत्ता विचारला. आम्ही उतरलो त्या हॉटेलचे एका रात्रीचे भाडे तुमच्या संपूर्ण बजेटपेक्षा थोडे जास्त पडेल, पण आई काय रोज येते का? मे महिन्यात महोत्सव नसतो, तेव्हा शक्य असल्यास त्यांना सप्टेंबरपर्यंत थांबवून घ्या.

चॉटनचा वारकरी
वरच्या प्रतिसादातल्या झग्याचे कौतुक आहेच. परंतु बाथमध्ये जेनने नवे असे फारसे काही लिहिले नाही, हे प्राध्यापिकाबाईंना आपण सांगण्याची गरज नसावी. १८०१ मध्ये वडिलांनी बिऱ्हाड तिथे हलवले, १८०५ च्या जानेवारीत ते तिथेच वारले आणि मग आई व दोन मुली एकामागून एक स्वस्त जागा बदलत राहिल्या. खरे घर मिळाले ते १८०९ च्या जुलैत, चॉटनला. धनाढ्य नाइट कुटुंबात दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने आपल्या जहागिरीतले घर त्यांना राहायला दिले आणि १८११ पासून ज्या कादंबऱ्या छापून आल्या, त्यांची हस्तलिखिते याच घरात हातावेगळी झाली. तिथे खिडकीशी अक्रोडाच्या लाकडाचे बाराकोनी मेज ठेवलेले आहे. ते इतके लहान आहे, की आपले जेवणाचे ताट आणि पाण्याचा पेला ठेवला तर हात टेकायला जागा उरणार नाही. एमासारखी कादंबरी लिहिणारी बाई त्यावर कागदाचे छोटे तुकडे घेऊन बसत असे. दाराची कुरकुर तिने दुरुस्त करू दिली नाही, कारण कोणी येत असल्याची वर्दी त्यातून मिळे, अशी आठवण तिच्या पुतण्याने लिहून ठेवली आहे. बहीण कॅसांड्रा १८४५ मध्ये वारल्यावर घराचे भाग पाडून त्यात मजूर कुटुंबे राहू लागली होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ कार्पेंटर नावाच्या गृहस्थाने ते विकत घेतले आणि १९४९ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. तळमजला सपाटीवर आहे. निजायची खोली मात्र वर आहे.

घाटपायथा
बाथला मी राहिलो आहे, म्हणून सांगतो. ज्या गे स्ट्रीटवर जेन ऑस्टिन सेंटर हे तिच्यावरचे प्रदर्शन आहे, तो रस्ता म्हणजे सरळ चढ आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेणे हा छळ आहे. शिवाय सेंटर ४० क्रमांकाच्या इमारतीत आहे, तर जेन राहिली ती २५ मध्ये, तीही वडील गेल्यानंतर थोडे महिने. म्हणजे घर तिचे नाही. मी एका चहागृहात दोन स्कोन आणि पाणचट चहासाठी जे पैसे मोजले, त्यात आमच्या इथे चौघांचे जेवण झाले असते.

बाथप्रेमी
घर तिचे नसले म्हणून काय झाले? 'नॉर्दँगर अ‍ॅबी' आणि 'पर्स्वेजन' या दोन्ही कादंबऱ्यांत बाथ आहे आणि ते रस्ते आजही तसेच आहेत. चढ सावकाश चढावा.

चौकस
धागाकर्तीचे १८० पौंड पाहून आठवले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या हक्कांसाठी जेनने १५० पौंड मागितले होते आणि एगर्टन या प्रकाशकाने ११० वर बोळवण केली. पुढच्या आवृत्त्यांचा नफा त्याचा झाला. त्याआधी १८०३ मध्ये दुसऱ्या एकाने १० पौंडांना हस्तलिखित घेतले आणि वर्षानुवर्षे छापलेच नाही. ते १८१६ मध्ये त्याच १० पौंडांना परत घ्यावे लागले. आता १० पौंडांच्या नोटेवर तिचेच चित्र आहे. मराठी लेखकांनी मानधनाबद्दल तक्रार करण्यापूर्वी हे वाचावे.

मीनाक्षी_लेस्टर
मानधनाची तक्रार का करू नये? तिनेही पत्रांतून केलीच आहे. असो. चॉटनच्या दुकानात सहा कादंबऱ्यांचा कापडी बांधणीचा सुंदर संच मिळतो, तो अवश्य घ्या. मी तोच संच ऑनलाइन मागवला, तर त्यात एक पुस्तक दोनदा आले आणि एक आलेच नाही; तक्रारीला उत्तर मिळाले नाही.

दर्यावर्दी
जेनचे हिंदुस्थानशी असलेले नाते इथे कोणालाच आठवू नये, याचे नवल वाटते. तिची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये जहाजाने हिंदुस्थानात आली. आत्याची मुलगी एलायझा कलकत्त्याला जन्मली आणि पुढे जेनच्या हेन्री या भावाशीच तिचे लग्न झाले. धाकटा भाऊ चार्ल्स आरमारात अधिकारी होता आणि १८५२ मध्ये ब्रह्मदेशच्या मोहिमेवर असताना वारला. तेव्हा मी म्हणेन, पोर्ट्समथची ऐतिहासिक गोदी पाहा, 'मॅन्सफील्ड पार्क'मधले पोर्ट्समथ लगेच कळेल.

शब्दवेडी_रेडिंग
आपण सर्वांनी आवर्जून लिहिले, आभारी आहे. मात्र पोर्ट्समथ, सप्टेंबर आणि पुस्तकांचा संच हे तिन्ही १८० पौंडांत बसत नाहीत, हे नम्रपणे पुन्हा नमूद करते.

विंचेस्टरवासी
मोटार नसेल तर रेडिंगहून विंचेस्टरला थेट गाडी आहे आणि तिथून आल्टनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस चॉटनजवळ सोडते. रविवारी ती कमी असते, म्हणून आठवड्याचा मधला दिवस धरा. 'टू टुगेदर' रेलकार्ड काढल्यास दोघींच्या तिकिटांवर एकतृतीयांश सूट मिळते, फक्त सकाळची गर्दीची वेळ टाळावी लागते. कॅथीड्रलला एरवी तिकीट आहे, परंतु संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणाऱ्याला ते लागत नाही आणि गायकवृंद ऐकायला मिळतो तो वेगळाच. शेवटच्या आजारात सर्जन जवळ असावा म्हणून तिला मे १८१७ मध्ये इथे आणले. ८, कॉलेज स्ट्रीट हे ते घर बाहेरून पाहावे. मृत्यूच्या तीन दिवस आधी तिने तिथे घोड्यांच्या शर्यतींवर आणि पावसावर एक थट्टेखोर कविता सांगून लिहवली, आणि १८ जुलैला, वयाच्या ४१व्या वर्षी, ती गेली. अंत्ययात्रेला स्त्रिया जात नसत. कॅसांड्राने ती खिडकीतून रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिली. कॅथीड्रलमधल्या तिच्या थडग्यावरच्या शिळेत तिच्या स्वभावाची आणि बुद्धीची थोरवी गायिली आहे, पण तिने एक ओळ तरी लिहिली होती याचा उल्लेख नाही. ती उणीव भिंतीवरच्या पितळी पाटीने १८७२ मध्ये भरून काढली. एकच विनंती, कोणी स्टीव्हन्टन सुचवले तर ऐकू नका. जन्माचे घर केव्हाच पाडले, शेतात विहिरीची जागा कुंपण घालून राखली आहे आणि तीही रस्त्यावरूनच पाहावी लागते.

घाटपायथा
स्टीव्हन्टनबाबत सहमत. तिथे चहासुद्धा मिळत नाही.

नवासभासद_नाशिक
बाथमध्ये गरम पाण्याची कुंडे आहेत असे ऐकले आहे. गुडघ्यांना बरे पडेल. बाथ करा.

मीनाक्षी_लेस्टर
चॉटनच करा. मेज फारच लहान आहे, पाहून आश्चर्य वाटते.

शब्दवेडी_रेडिंग
काल हा सगळा धागा आईला फोनवर वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "स्टीव्हन्टनला ने." पंचविसाव्या वर्षापर्यंत जेन जिथे राहिली आणि पहिल्या तीन कादंबऱ्यांचे कच्चे खर्डे जिथे झाले, ते सोडून दुकाने कशाला पाहायची, असे तिचे म्हणणे. तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये वडील धर्मोपदेशक होते आणि विवाहनोंदणीच्या वहीत नमुन्याचे पान होते, त्यावर किशोरवयीन जेनने स्वतःच्या लग्नाच्या खोट्या नोंदी लिहून ठेवल्या: एक नवरा लंडनचा, एक लिव्हरपूलचा, तिसरा कोणी जॅक स्मिथ. आई म्हणते, ज्या चर्चमध्ये वडिलांच्या नाकावर टिच्चून हा उद्योग झाला, त्या बाकावर मला बसायचे आहे. मूळ वही आता विंचेस्टरच्या अभिलेखागारात आहे, हे तिला ठाऊक आहे, तरीही बाक हवे आहे. तेव्हा बेसिंगस्टोकपर्यंत आगगाडी, पुढे टॅक्सी, आणि संध्याकाळी घरी. मुक्काम रद्द.

विंचेस्टरवासी
मी काय लिहिले होते ते कृपया पुन्हा वाचावे. जाणारच असाल तर परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, गावात ती उभी नसते. आणि चर्च त्या दिवशी उघडे आहे ना, हे विचारून घ्या.

चॉटनचा वारकरी
बेसिंगस्टोकपर्यंत जाऊन चॉटन टाळायचे, याला माझ्याकडे शब्द नाहीत. प्राध्यापिकाबाईंना नमस्कार सांगा.

शब्दवेडी_रेडिंग
सांगते. डबा घरून नेणार आहोत.

बाथप्रेमी
निर्णय झालेला दिसतो. तरीही शिंप्याचा पत्ता कोणाला हवा असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.