प्रति: पेठेतल्या गल्ल्यांमध्ये दोन्ही बाजूंना पार्किंग

पुण्यातल्या सदाशिव पेठेच्या आतल्या गल्ल्यांत पी-१, पी-२ (म्हणजे सम-विषम तारखांप्रमाणे एकाच बाजूला गाडी लावायची पद्धत) काढून दोन्ही बाजूंना चारचाकी लावू द्याव्यात, या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. गाडी लावायला जागा न मिळण्याचा त्रास खराच आहे, पण हिशेब बघा. सहा मीटरची गल्ली धरली तर एका मोटारीची रुंदी साधारण पावणेदोन मीटर. दोन्हीकडे लावल्यावर मध्ये उरतात अडीच मीटर. अग्निशमन दलाचा बंबच जवळपास तेवढा रुंद असतो, आरसे वेगळे. वळणावर तर तो फिरणारच नाही. आणि आपल्याकडे अजून लाकडी खांब-तुळयांचे वाडे आहेत, त्यांत एकटे राहणारे म्हातारे लोक आहेत.

शिवाय वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, एका कुटुंबाच्या जागी दहा आली, गल्ली मात्र तेवढीच राहिली. मोकळी केलेली जागा महिनाभरात भरेल.

2018 साली महापालिकेच्या मुख्य सभेने सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तेही विरोधामुळे प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरतंच. जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे: गाडी ठेवायची जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपल्याकडे निदान दुसरी मोटार घेताना तरी हे विचारायला हवं. तोवर रात्री रिकाम्या पडणाऱ्या शाळांची आणि कार्यालयांची आवारं मासिक भाड्याने रहिवाशांना मिळावीत, यासाठी नगरसेवकांकडे सह्यांचं निवेदन द्यायला मी तयार आहे.