घेवडा कात्रीने छाटल्यासारखा! वाफ्यातले ससे कसे आवरायचे?

परसातली_पमा

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहते. टाउनहाउसच्या मागे तुळशीपुरतीच जागा, म्हणून यंदा सामूहिक बागेत १० बाय २० फुटांचा तुकडा घेतला. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वाफे त्यांनीच काढले. मैत्रिणीने गेल्या वर्षी राखून ठेवलेलं घेवड्याचं बी होतं, ते मदर्स डेच्या आदल्या दिवशी टोकलं. शेजारी मेथी, टोमॅटो, मिरची, थोडा कांदा.

मंगळवारी संध्याकाळी पाणी घालून निघालो तेव्हा घेवड्याची ३१ रोपं होती. (सासूबाई मोजतात. रोज.) बुधवारी सकाळी उरली सात. बाकीची जमिनीपासून दोन बोटांवर तिरकी छाटलेली. पानं गायब, नुसते देठ उभे. अर्धी मेथीही गेली. टोमॅटो-मिरचीला मात्र ढिम्म हात लावलेला नाही.

सासूबाईंचं ठाम मत, हे माणसाचं काम. "जनावर इतकं नेटकं खात नाही गं." पलीकडच्या तुकड्यावर एक पोलिश आजोबा असतात. ते बिचारे रोज हात हलवून हॅलो म्हणतात आणि या पदर सावरून तोंड फिरवतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काल वाकून बघितलं तर वाफ्यात लेंड्या दिसल्या, वाटाण्याएवढ्या, गोल, सुक्या. म्हणजे ससाच ना? लाल तिखट भुरभुरून झालं, त्याच रात्री पाऊस आला. झेंडू लावा म्हणतात, खरं आहे का? बागेचा नियम: कुंपण चार फुटांपेक्षा उंच नको, काँक्रीट नको. विष आणि सापळा मलाच नको. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारची, मेमोरियल डेची जोडून सुट्टी हाताशी आहे.

कोलंबसकर_काका

पमाताई, ससाच. आजोबांना निर्दोष सोडा.

सशाला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे धारदार दात, त्यामुळे काप तिरका आणि स्वच्छ येतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते पाला धरून ओढतं, म्हणून टोकं फाटकी दिसतात. आणि ग्राउंडहॉग (इथला बिळात राहणारा जाडजूड कुरतडणारा प्राणी) शिरला असता तर सात रोपंही उरली नसती.

ओहायोत १४ वर्षं भाजी लावतोय. झेंडू विसरा, माझ्याकडे कोवळा झेंडूच खाऊन गेले. रक्ताची भुकटी मिळते, ब्लड मील, तिच्या वासाने दोन-चार दिवस येत नाहीत. पाऊस पडला की परत टाका. खत म्हणून उत्तम, नत्र भरपूर, पण वासावर शेजारचा कुत्रा आला आणि सशाने केलं नसतं एवढं नुकसान उकरून करून गेला. तिखटाचा फवाराही तसाच, शिवाय मेथीवर मारला तर खायची कशी?

खरा उपाय जाळी, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोपी आहे. इथला कॉटनटेल ससा दोन फुटांवरून सहसा उडी मारत नाही. तो फटीतून किंवा जाळीच्या खालून येतो. कोंबड्यांची जाळी घ्या, भोकं एक इंची. दोन इंची घेऊ नका, पिल्लं आरामात आत जातात. रुंदी ३६ इंच. खालचा एक फूट काटकोनात बाहेरच्या बाजूला दुमडून जमिनीवर आडवा पसरा, वर दोन फूट उभे राहतील. आडव्या भागाला दर फुटाला यू आकाराची पिन ठोका. महिन्याभरात गवत त्यातून वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथे त्याच्या पंजाखाली जाळीच लागते. मागे सरकून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. खड्डा नको, काँक्रीट नको.

तुमचा घेर ६० फूट, म्हणजे ५० चा एक आणि २५ चा एक असे दोन रोल. खांब दर पाच फुटांवर. दाराखाली फट ठेवू नका. बहुतेकांचं कुंपण दारातच हरतं.

आता महत्त्वाचं. जाळी बंद करण्याआधी आत घरटं नाही ना, ते बघा. हा ससा बीळ खणत नाही. गवतात ओंजळभर खळगा करतो आणि वर सुकं गवत आणि स्वतःचे केस पसरतो. २०१६ साली मी मोठ्या हौसेने कुंपण घातलं, दुसऱ्या दिवशी पहाटे मादी बाहेरून जाळीला नाक लावून फेऱ्या मारताना दिसली. मला वाटलं, फजिती झाली हिची! तीन दिवसांनी गाजराच्या वाफ्याच्या कडेला पेंढा उचलला तर खाली चार पिल्लं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बायको त्या वर्षी गाजरं काढायला आली नाही.

फोडणीचं_पोर

एवढा खटाटोप कशाला? चारी कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाका. आमच्या आजीचा उपाय.

कोलंबसकर_काका

नका हो. डांबरगोळ्या बंद पेटीतल्या कपड्यांसाठी आहेत. उघड्या बागेत त्यांचा अंश माती-पाण्यात जातो, आणि शेजारच्या तुकड्यावर एखादं लहान मूल आलं तर ते गोळी समजून तोंडात घालेल. अमेरिकेत त्या बागेत टाकणं बेकायदाही आहे, कारण डब्यावर लिहिलंय त्याशिवाय दुसऱ्या कामाला कीटकनाशक वापरता येत नाही.

लेस्टरची_लेक

पमा, काकांचं माप तुझ्या सशाला बरोबर आहे. पण इंग्लंडमधून कोणी वाचत असेल तर त्यांनी दोन फुटांवर थांबू नये. आमचा ससा वेगळा, तो खरोखर बिळं खणतो, टोळीने. माझ्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर, जाळी १२० सेंटिमीटर वर आणि ३० सेंटिमीटर जमिनीत आहे, त्यातले खालचे १५ बाहेर वळवलेले. अख्ख्या प्लॉटला, म्हणजे अडीचशे चौरस मीटरला, असं कुंपण घालताना नवऱ्याची कंबर गेली. आता आम्ही फक्त वाटाणा, घेवडा, बीट आणि कोबीवर्गाला जाळी करतो. कांदा, लसूण, बटाटा, भोपळा उघड्यावर. अळूला तर ससा तोंड लावत नाही, घशात खाज त्यालाही कळत असावी.

माळरान

आमच्याकडे पुरंदरात हरभऱ्याचे शेंडे आणि भुईमुगाची कोवळी रोपं जातात. उपाय काय, तर जुन्या साड्या. शेताभोवती काठ्यांना बांधायच्या. रानडुकराला रात्री फडफड दिसते, ससा खालून निवांत जातो!

एक गंमत. इंग्रजीत रॅबिट आणि हेअर वेगळे, मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण आपला रानससा म्हणजे इंग्रजीतला हेअर. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे, काही वेळात हलायला लागतात. काकांनी लिहिलेली पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची असतात, म्हणून घरटं लागतं. आमच्याकडे कुंपणात पिल्लं अडकायचा प्रश्न येत नाही. पकडायचा विचार मात्र करू नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

परसातली_पमा

काका, तुम्ही घरट्याचं ते महत्त्वाचं म्हणून लिहिलं नसतं तर मी तेच केलं असतं.

शनिवारी दोन्ही रोल घेऊन गेलो. नवरा खांब ठोकायला लागला, मी आणि सासूबाई वाफे बघत फिरलो. मेथीच्या कडेला वाळलेल्या गवताचा एक पुंजका होता, त्यावरून मी आठवडाभर पाय देऊन जात असणार. सासूबाईंनी दोन बोटांनी उचलला. खाली करड्या केसांची गादी आणि तीन पिल्लं. डोळे मिटलेले, कपाळावर पांढरा ठिपका. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई, बाळंतीण आहे ही." चोर वगैरे सगळं त्या क्षणी संपलं.

आता काय करू? आई दिसत नाही. सोडून गेली का?

कोलंबसकर_काका

सोडून गेली नाही. ती दिवसभर लांबच असते, नाहीतर वासाने कुत्री-मांजरं येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला येऊन पाजते, काही मिनिटांचं काम. पुंजका होता तसा झाका. वर शिवायचा दोरा फुलीसारखा आडवा-उभा ठेवा. सकाळी दोरा हललेला आणि पिल्लं झाकलेली असली तर आई येऊन गेली. तीन आठवड्यांच्या आत पिल्लं निघून जातात. तोवर त्या बाजूची जाळी उघडी ठेवा आणि घेवड्यावर जाळीचाच पिंजरा उपडा घाला.

परसातली_पमा

आज १९ जून. कळवायचं राहून गेलं होतं.

सासूबाईंनी सुईदोऱ्याच्या डब्यातला लाल दोरा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मला उठवून बागेत नेलं. दोरा बाजूला सरकलेला, गवत नीट झाकलेलं. त्यानंतर रोज दोरा ठेवणं हेच त्यांचं काम झालं, घेवडा मोजणं मागे पडलं. उघड्या बाजूने मेथी साफ गेली ती गेलीच. त्यावर, "बाळंतिणीला मेथी लागतेच."

दहा दिवसांपूर्वी दोरा पहिल्यांदा हलला नाही. खळगा रिकामा होता. आणखी दोन दिवस वाट बघून शेवटची बाजू बंद केली. दाराच्या खालची फट बुजवायला पोलिश आजोबांनी त्यांच्याकडची फळी दिली आणि स्वतः ठोकूनही दिली. परवा सासूबाई त्यांना डब्यातून थालीपीठ देऊन आल्या. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नाही.

घेवडा नव्याने टोकलाय. आज सकाळी २८.