सिमल्याचा महिना

'नीतिमूल्यांवरच्या फेलोशिप म्हणजे परदेश, नाहीतर तत्त्वज्ञानवाल्यांची मक्तेदारी. कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मास्तराला कोण विचारतंय' असं आमच्यातले बरेच जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. वर्ष-दोन वर्षं नोकरी सोडून जाणं अवघड, खरंय. पण सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेत मी असोसिएट, म्हणजे थोड्या दिवसांसाठी येणारा अभ्यासक, म्हणून गेलो ते वर्षाला एक महिना, असं तीन वर्षं. माझा विषय समाजशास्त्र. प्रस्ताव होता मार्केट यार्डातल्या गूळ सौद्यात तोंडी शब्दावर चालणाऱ्या व्यवहाराचा. आधी 'मूल्यांचा ऱ्हास' असं काहीतरी भोंगळ लिहिलं होतं, ते एका ज्येष्ठ सरांनी फाडायलाच लावलं. बरं झालं!

खरी अडचण रजेची. 'महिनाभर थंड हवेला निघालाय होय?' असं ऑफिसातून ऐकून घेतलं, शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत बसवलं. तिथं एक व्याख्यान द्यावं लागतं, आणि बाकी वेळ वाचन. संस्थेची इमारत म्हणजे १८८८ चा व्हाइसरॉयचा वाडा. साहेबलोक जिथं नाचायचे तिथं आता पुस्तकांची कपाटं आहेत. संध्याकाळी चहाला संस्कृतवाले, अर्थशास्त्रवाले सगळे एका टेबलावर. अडत्याच्या 'शब्दा'वर सगळ्यात नेमका प्रश्न विचारला तो एका इतिहासवाल्या बाईंनी.